उसनी घेतलेली वर्षे

कुंभाराचे एखादे मडके चाकावर बिघडले, तर तो तीच माती पुन्हा मळतो आणि घटकाभरात दुसरे मडके उभे करतो. शिंप्याची शिवण चुकली, तर ती उसवता येते. सुताराच्या हातून एक फळी वाया गेली, तर नुकसान त्या फळीपुरतेच राहते. शेतकऱ्याचे तसे नाही. बी चुकीच्या वेळी पडले, तर ती चूक पेरणाऱ्याला त्या दिवशी कळत नाही. पीक वाढीला लागल्यावर तिची शंका येते आणि पुरता हिशेब काढणीच्या वेळीच हाती पडतो. तोवर हंगाम सरलेला असतो. चूक सुधारावयाची, तर पुढील वर्षीचा तोच महिना उजाडावा लागतो. विसाव्या वर्षी शेती हाती घेतलेला मनुष्य साठाव्या वर्षापर्यंत राबला, तरी एका पिकाचे चाळीसच हंगाम त्याच्या वाट्याला येतात. त्यांतही एका वर्षी मृग कोरडा जातो, एका वर्षी दिवाळी उलटली तरी पाऊस हटत नाही, आणि एखाद्या वर्षी सर्व काही मनासारखे होते, तर बाजार पडतो.

असे असल्यामुळे, नव्याने शेतीचा धंदा आरंभणाऱ्यास बी, खत, अवजारे आणि पैसा यांखेरीज आणखी एक वस्तू मिळवावी लागते. ती बाजारात विकत मिळत नाही, आणि स्वतः तयार करीत बसल्यास आयुष्य अपुरे पडते. ती वस्तू म्हणजे दुसऱ्याने शेतात काढलेली वर्षे. ती उसनीच घ्यावी लागतात.

नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या शेतीवरून ही गोष्ट चांगली उमजते. निफाड, चांदवड, येवला, देवळा, कळवण, सटाणा या भागांत कांदा हे लहान शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा आणणारे पीक आहे. लासलगावची कांद्याची बाजारपेठ तर देशभर प्रसिद्ध आहे. या भागात कांद्याचे तीन हंगाम होतात. पावसाळ्यात लावून दिवाळीच्या मागेपुढे निघतो तो लाल किंवा पोळ कांदा. त्यामागून येतो तो रांगडा. आणि हिवाळ्यात लावून चैत्र-वैशाखात काढतात तो उन्हाळ कांदा. पहिले दोन फार दिवस टिकत नाहीत, निघाले की विकावे लागतात. उन्हाळ कांदा मात्र चाळीत भरून चार-पाच महिने ठेवता येतो. भाव पडलेला असताना विकण्याची सक्ती नसावी, या विचाराने नवखा मनुष्य बहुधा उन्हाळ कांद्याकडेच वळतो.

शिक्षण पुरे करून, किंवा शहरातील नोकरी सोडून, वडिलांच्या दोन एकरांत काही करून दाखवावे अशा उमेदीने गावी आलेला एखादा तरुण डोळ्यांपुढे आणावा. त्याने कृषी विद्यापीठाची पुस्तिका वाचलेली असते. उळे, म्हणजे कांद्याचे बी, एकरी तीन ते चार किलो पुरे; एका एकराच्या रोपासाठी दोन गुंठ्यांचे गादीवाफे करावेत; ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप टाकावे; सात-आठ आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरपासून मध्य जानेवारीपर्यंत, लागण करावी; दोन ओळींत पंधरा आणि दोन रोपांत दहा सेंटिमीटर अंतर राखावे. हे सारे बरोबर आहे, आणि ते ज्याने वाचले नाही त्याने आधी वाचावे. परंतु पुस्तिका एका शेतासाठी लिहिलेली नसते. तिला त्या तरुणाची विहीर ठाऊक नसते.

तरुण शेजारच्या मळ्यातील वृद्ध शेतकऱ्याकडे जातो. गावात सारे त्यांना आबा म्हणतात. तो विचारतो,

“आबा, यंदा एकरभर उन्हाळ कांदा लावीन म्हणतो. रोप कधी टाकू?”

“तुझ्या विहिरीला पाणी किती आहे?”

“विहीर काठोकाठ भरली आहे, आबा.”

“दसऱ्याला सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात. होळीला किती असतं?”

तरुणास सांगता येत नाही. होळीच्या दिवसांत तो आजवर गावी क्वचितच राहिलेला असतो.

“मग आधी ते घरी विचारून ये,” आबा म्हणतात. “रोपाचं नंतर बघू.”

तरुणाला वाटते, आपण विचारले एक आणि म्हातारा बोलला दुसरेच. परंतु उत्तर मिळालेले असते. उन्हाळ कांदा फेब्रुवारी-मार्चमध्ये पोसतो. त्या वेळी त्याला थोडे थोडे पण नेमाने पाणी लागते. जानेवारीतील पाण्याचा अंदाज धरून एकरभर लागण केली आणि मार्चमध्ये विहीर तळाला गेली, तर साऱ्याच एकरातील कांदा गोल्टी राहतो. गोल्टी म्हणजे बारीक कांदा. त्याला भावही तसाच बारीक मिळतो. तेच पाणी अर्ध्या एकराला दिले असते, तर कांदा भरला असता. घरी विचारल्यावर वडील सांगतात, होळीला पंप दोन तास चालला की विहीर उपसते. तेव्हा किती जमिनीत कांदा लावावा हे जमिनीवरून ठरत नाही, भांडवलावरूनही ठरत नाही. ते होळीच्या पाण्यावरून ठरते. तरुणाचा एकर तेथेच अर्ध्यावर येतो. उरलेल्या जमिनीत तो हरभरा पेरतो, कारण हरभरा जमिनीतील ओलाव्यावर आणि एखाद-दुसऱ्या पाण्यावर निभावून जातो.

जाणत्या शेतकऱ्याजवळ जे असते ते पुष्कळदा याच स्वरूपाचे असते. आपल्या प्रश्नाचे उत्तर तो चटकन देत नाही. आपण विचारावयास हवा होता तो प्रश्न मात्र पुढे ठेवतो. पुस्तकाजवळ उत्तरे असतात, पण वाचणाऱ्याला आधी त्याचे शेत कसे आहे हे विचारण्याची सोय पुस्तकाला नसते.

जाणता म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तोच, असेही समजू नये. कांद्याच्या लागणीला टोळीने येणाऱ्या बायकांपैकी कित्येकींच्या नावे वीतभर जमीन नसते. परंतु एकेकीच्या हाताखालून शेकडो एकरांचा कांदा गेलेला असतो. रोपांची जुडी हातात घेताच त्यांची बोटे निवड करू लागतात. फार जून, जाड झालेले रोप त्या बाजूला टाकतात. थंडी लागली की त्याला डेंगळा येतो, म्हणजे कांदा पोसण्याऐवजी ते फुलाचा दांडा काढून मोकळे होते. सुतासारखे बारीक रोप पहिल्याच उन्हात मान टाकते, म्हणून तेही बाद. रोप खोल गेले तर कांदा लांबट होतो. वरवर लावले तर ते पाण्याच्या धारेने उपटून वर येते. नेमके किती खोल, हे त्यांना विचारल्यास त्या हसतात, आणि बोटाचे एक पेर दाखवतात. नव्या शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मजुरी मोजण्यापेक्षा एक दिवस त्या ओळीत बसून लागण करावी. सायंकाळी त्याची कंबर धरलेली असते आणि ओळ सर्वांत मागे राहिलेली असते; पण पुस्तिकेतील दहा सेंटिमीटरचा अर्थ त्याच्या बोटांना कळू लागलेला असतो.

नवख्याने जाणत्याकडे जावे यात नवल नाही, असे कोणी म्हणेल. परंतु एका नामांकित शास्त्रज्ञानेही हीच वाट धरली होती. आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिज विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. पुढे वेस्ट इंडीजमध्ये पिकांच्या रोगांचा अभ्यास करताना एक उणीव त्यांच्या मनाला सतत बोचत असे. आपण मळेवाल्यांना उपाय सुचवतो, पण तो उपाय स्वतः करून पाहण्यास आपल्याजवळ जमीनच नाही. मग आपल्या सल्ल्याचे मोल काय? १९०५ साली ते हिंदुस्थानात आले आणि बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिसंशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. तेथे त्यांना पंचाहत्तर एकर जमीन मिळाली. आता ती करावयाची कशी?

आसपासच्या शेतांतून हिंडताना त्यांना दिसले की, तेथील साध्या शेतकऱ्यांची पिके बऱ्याच अंशी रोगराईपासून मुक्त आहेत, आणि त्यांना कीडनाशकांचा वा बुरशीनाशकांचा स्पर्शही झालेला नाही. परदेशातून आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याने याला योगायोग म्हटले असते. हॉवर्ड यांनी त्या शेतकऱ्यांचीच पद्धत आपल्या पंचाहत्तर एकरांत गिरवावयाचे ठरवले. शेतकरी आणि पिकावरील कीड हे आपले दोन प्राध्यापक, असे ते पुढे सांगत. कीड हा प्राध्यापक कसा, तर पीक जेथे चुकीच्या रीतीने वाढवले असेल तेथे ती येऊन बोट ठेवते. या शिक्षणास पाच वर्षे लागली. १९१० च्या सुमारास औषधांवाचून निरोगी पीक कसे काढावे हे आपल्याला उमगले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

हॉवर्ड केवळ अनुकरण करून थांबले नाहीत, ही त्यांच्या चरित्रातील अधिक महत्त्वाची गोष्ट आहे. शेतकरी धान्यात तूर किंवा दुसरे कडधान्य का मिसळतो, याचे कारण त्यांनी जमीन खणून मुळांशी शोधले. कडधान्याच्या मुळांवरील गाठींतून हवेतील नत्र जमिनीत येते, ही गोष्ट युरोपातील प्रयोगशाळांत १८८० नंतरच्या दशकात सिद्ध झाली. बिहारच्या शेतकऱ्याला नत्र हा शब्द ठाऊक नव्हता, पण तुरीनंतरचे पीक जोमाने येते हे त्याच्या आजोबालाही ठाऊक होते. पुढे १९२४ साली हॉवर्ड होळकर संस्थानातील इंदूर येथे आले. शेतातील पालापाचोळा, धसकटे, शेण, गोठ्यातील मुतरी माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत बनवण्याची जी रीत त्यांनी तेथे बसवली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. तिच्यात हिंदी शेतकऱ्याचा अनुभव होता, चिनी शेतकऱ्याचाही होता; मोजमाप आणि कारणमीमांसा शास्त्रज्ञाची होती.

फ्रान्समधील एक हकीकतही येथे सांगण्यासारखी आहे. १८८० नंतर तेथील द्राक्षबागांवर केवडा रोगाने धाड घातली होती. पाने गळून वेली उघड्या पडत. १८८२ च्या शरद ऋतूत बोर्दो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्दे एका खेड्याजवळून चालले असता रस्त्याकडेच्या वेलींची पाने तेवढी शाबूत असलेली त्यांना दिसली. चौकशी केल्यावर कळले की, वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून बागवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी शिंपडतात. विषाची भीती वाटून कोणी हात लावत नाही. मिलार्दे यांनी यावर तीन वर्षे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये त्या मिश्रणाचा उपाय जाहीर केला. तेच बोर्डो मिश्रण. नाशिक आणि सांगलीकडील द्राक्षबागांत ते आजही फवारले जाते. त्या बागवाल्यांना आपल्याजवळ केवड्याचे औषध आहे हे माहीत नव्हते. प्राध्यापकाला ते माहीत करून घ्यावयाचे होते, आणि त्यासाठी तो रस्त्यात थांबून विचारण्यास लाजला नाही.

विचारण्याचीही एक रीत असते. काढणीच्या धांदलीत, किंवा पावसाचे ढग आले असता उघड्यावरील कांदा झाकण्याची घाई चाललेली असताना, वही काढून प्रश्न विचारणाऱ्याला कोणताही शेतकरी धड उत्तर देणार नाही. त्या वेळी वही खिशात ठेवून ताडपत्रीचे एक टोक धरावे. आपल्या खेड्यांत सावडीची चाल जुनी आहे. एकाचा बैल दुसऱ्याने जोडावा, एकाच्या कामाला दुसऱ्याने जावे आणि त्याने ते फेडावे. ज्ञानाची देवघेवही याच चालीने होते. हातभार लावणाऱ्या मनुष्याशी शेतकरी आपोआप बोलू लागतो, आणि काम करता करता निघालेले बोलणे मुद्दाम घेतलेल्या मुलाखतीपेक्षा अधिक खरे असते.

यंदा किती पैसे झाले, हा प्रश्न नवखे लोक सर्वांत आधी विचारतात. तो सर्वांत निरुपयोगी होय. चांगल्या वर्षाचे श्रेय पावसाचे, बाजाराचे की कसणाराचे, हे सांगणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते. शिवाय आकडा थोडा फुगवून सांगण्याचा मोह कोणाला होत नाही? त्याऐवजी कोणत्या वर्षी बुडाले आणि कशामुळे, हे विचारावे. अपयशाची कारणे शेतकऱ्याने रात्री जागून शोधलेली असतात. एक सांगतो, पात हिरवीगार दिसावी म्हणून शेवटी युरिया टाकला आणि कांद्याच्या माना जाड राहिल्या; चाळीत भरल्यावर श्रावणापूर्वीच सड लागली. दुसरा सांगतो, पाणी तोडण्यास जीव धजला नाही. काढणीपूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी बंद करावयाचे असते, पण विहिरीत पाणी असताना आणि समोर हिरवे पीक असताना हात आखडणे सोपे नाही. त्याने दोन पाणी जास्त दिले, कांदा दिसायला मोठा झाला, पण टिकला नाही. तिसऱ्याने बी स्वस्त मिळाले म्हणून दोन वर्षांचे जुने उळे घेतले. कांद्याच्या बियाची उगवण वर्षभरातच फार घटते. त्याचे निम्मे वाफे रिकामे राहिले. या तिघांनी मिळून तीन वर्षे गमावली होती. ऐकणाऱ्याला ती एका दुपारी मिळाली.

तिघांनाच का विचारावे, एकाने का भागू नये, याचेही कारण आहे. एकाचा अनुभव त्याच्या जमिनीने आणि स्वभावाने बांधलेला असतो. ओढ्याच्या अलीकडे काळी भारी जमीन आणि पलीकडे मुरमाड, असे अंतर पाचशे पावलांत पडते. भारी जमिनीतला सांगेल की दहा दिवसांनी पाणी पुरे. ते ऐकून मुरमाडातला तसे करील तर कांदा सुकेल. दोघांच्या सांगण्यात फरक पडला म्हणजे नवखा गोंधळतो, आणि जाणते म्हणवणारे एकमेकांत एक मत होत नाहीत म्हणून कुरकुरतो. वास्तविक तो फरकच त्याने वहीत लिहून ठेवावा, आणि फरक का पडला ते शोधावे. शिकण्याचा निम्मा भाग तेथे आहे.

जुन्या शेतकऱ्याचे सगळेच बोलणे प्रमाण मानावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. वर्षानुवर्षे केलेली गोष्ट बरोबरच असते असे नाही. कधी कधी ती नुसती सवय असते. पाटाने भरपूर पाणी सोडले म्हणजे पीक खुशीत राहते, ही समजूत कित्येक बागायती गावांत जमिनी खारवून गेल्यावरही टिकून आहे. शिवाय काळ पालटतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर गारपीट कोसळली, तेव्हा उभ्या पिकांत बर्फाचे खच पडलेले पाहून म्हातारी माणसेही सुन्न झाली. अशा ठिकाणी जुन्या नक्षत्रांचे आडाखे पुरे पडत नाहीत. हवामानाचा अंदाज पाहावा लागतो. माती तपासून घेण्याला अनुभव हा पर्याय नाही. जमिनीत गंधक कमी आहे की नाही, हे चाळीस वर्षे नांगर धरूनही नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. राजगुरुनगर येथे कांदा व लसूण या पिकांचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यांची दारे ठोठवावीत. या संस्था आणि शेतकऱ्यांचे मळे यांत वाटते तेवढे अंतरही नाही. एन-५३ नावाची खरीप कांद्याची जुनी आणि गाजलेली जात नाशिककडील शेतकऱ्यांच्या गावठी कांद्यातूनच निवडून काढलेली आहे. जे बी आज पिशवीतून येते, त्याच्या मागे कोणा एका अज्ञात शेतकऱ्याची डोळस निवड असू शकते.

दोन्हींकडील सांगणे जुळत नसेल, तर वाद घालण्यापेक्षा दोन गुंठे बाजूला काढावेत. एका गुंठ्यात आबांच्या सांगण्याप्रमाणे करावे, दुसऱ्यात पुस्तिकेप्रमाणे, आणि काढणीच्या दिवशी दोन्हींचा माल वेगळा तोलावा. दोन गुंठ्यांत चुकले तर घर बुडत नाही.

काढणीपर्यंतचे शिक्षण शेतात होते. पुढचे बाजारात होते, आणि तेथील गुरू निराळे. लिलावाच्या ओट्यासमोर वाहनांच्या रांगा लागलेल्या असतात. व्यापारी पुढचा कांदा पाहतो, मग हात खोल घालून मधला काढतो. त्याला माल दाखवण्यासाठी वर मोठा आणि खाली गोल्टी भरण्याची युक्ती नवख्याला सुचते. जुना हमाल त्याला सांगतो की ती युक्ती त्या व्यापाऱ्याच्या बापालाही माहीत होती, आणि निवड करून दोन प्रतींचा माल वेगळा आणणाराला एकूण पैसे जास्त मिळतात. भावाविषयी मात्र कोणीही खात्रीने बोलत नाही, आणि जो बोलतो त्याच्यापासून जपून राहावे. सप्टेंबर २०१९ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा पुष्कळ हिशेब एका दिवसात कोलमडले. म्हणूनच ज्यांनी असे तडाखे सोसले आहेत, ते सगळा माल एका दिवशी विकत नाहीत आणि सगळाच ठेवूनही घेत नाहीत. थोडा काढणीला, थोडा पावसाच्या तोंडाशी, थोडा पोळ्याच्या सुमारास, असा तो काढतात. त्यामुळे सर्वांत वरचा भाव त्यांच्या साऱ्या मालाला कधी मिळत नाही. सर्वांत खालचाही मिळत नाही.

तरुणाचा अर्धा एकर कांदा वैशाखात निघाला. निम्म्या माना पडल्यावर त्याने काढणी धरली. उपटलेल्या कांद्यावर पुढच्या ओळीची पात येईल अशा बेताने तो शेतातच पसरला, म्हणजे ऊन पातीला लागते आणि कांदा भाजत नाही. चार दिवसांनी बोटभर मान ठेवून पात कापली. मान अगदी मुळाशी कापली तर तेथूनच सड शिरते, हे त्याला लागणीच्या टोळीतल्या एका मावशीने सांगितले होते. मग काही दिवस सावलीत सुकवून, निवडून, त्याने तो बांबूच्या चाळीत भरला. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असतो, कडा फटींच्या असतात. खालून आणि बाजूंनी वारा खेळला पाहिजे.

आषाढ लागला. आठ दिवस झड होती. आबा सहज आले आणि चाळीच्या कडेने हळूहळू चालू लागले. तरुण कौतुकाची वाट पाहत मागे चालला होता, कारण फटींतून दिसणारा कांदा पत्ती धरून लखलखीत दिसत होता. तिसऱ्या खणापाशी आबा थबकले, वाकले, आणि फटीला नाक लावून उभे राहिले.

“ही फळी काढ.”

“आबा, इथला तर सगळ्यांत चांगला दिसतो.”

“दिसतो. वास घे.”

तरुणाने वास घेतला. प्रथम त्याला काहीच कळले नाही. पुन्हा घेतला, तेव्हा कांद्याच्या नेहमीच्या उग्र वासाखाली काहीतरी गोडसर, आंबूस असे जाणवले. फळी काढून हातभर आत गेल्यावर सात-आठ कांदे सापडले. मऊ पडलेले, पाणी सुटलेले, आणि त्यांना चिकटून असलेल्या कांद्यांची पत्ती नुकतीच काळी पडू लागलेली. वरच्या पत्र्याला तेथे एक बारीक भोक होते. दोघांनी मिळून तो खण रिकामा केला, ओले कांदे दूर खड्ड्यात टाकले, पत्रा बदलला. बाधा न झालेला माल तरुणाने पसरून वाऱ्यावर ठेवला आणि सोमवारच्या लिलावाला न्यावयाचे ठरवले. जाताना आबांनी उरलेल्या खणांपाशीही एकदा नाक लावून पाहिले. या वेळी तरुण त्यांच्या पुढे होता, आणि प्रत्येक खणापाशी तोही वाकत होता.